भाडेवाढीच्या सभेला चौसष्ट माणसं

ग्रेगर टॉडने हॉलमध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या, आणि मग स्वतःचीच लाज वाटून त्यातल्या अठ्ठावीस पुन्हा भिंतीला लावल्या. ग्रीनॉक गावात भाडेवाढीच्या सभेला माणसं येत नाहीत, हे त्याला ऑफिसात सगळ्यांनी सांगितलं होतं. गेल्या वर्षी दोघं आले होते. एक मर्डो कीर नावाचा म्हातारा, आणि दुसरी एक बाई, ती पावसातून आडोशाला शिरली होती.

तरी सभा घ्यायलाच हवी होती. घरं ब्रेहिल गृहसंस्थेची, भाडं वाढवणारीही संस्थाच, पण कायदा म्हणतो की आधी भाडेकरूंना विचारा. म्हणून फॉर्म छापले होते. तीन टक्के वाढ हवी, पाच हवी, की सात? ‘नको’ असा रकाना नव्हता. सात टक्के धरून केलेलं अंदाजपत्रक मंडळाने नाताळाआधीच मंजूर करून टाकलं होतं. विचारायचं तेवढं राहिलं होतं.

टॉड बिचारा सहा महिन्यांच्या करारावर, आणि करार मार्चमध्ये संपणार. सकाळी निघताना क्रॉफर्ड मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावून दम भरला होता. “पलीकडच्या गावात काय झालं, वाचलंस ना? सगळे काळे कपडे घालून आले, हॉलमध्ये ठाण मांडून बसले, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो! आपल्याकडे असलं काही झालं तर कायम नोकरीचं विसरायचं. कळलं?”

टॉडला कळलं होतं. त्याने टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवला, फॉर्मचा गठ्ठा सारखा केला आणि घड्याळाकडे बघत बसला.

आता गंमत बघा. त्याच दुपारी बोलिंग क्लबात एका अंत्यविधीनंतरचं चहापान ठरलं होतं, आणि नेमका क्लबातला पाण्याचा पाइप फुटला. क्लबवाल्यांनी हॉल सांभाळणाऱ्या सेंगाबाईंना फोन केला. सेंगाबाई म्हणाल्या, “या की इकडे! तसा हॉल संस्थेच्या सभेला दिलाय, पण तिथे काळं कुत्रंही फिरकत नाही.” आणि हे टॉडला सांगायचं त्या साफ विसरल्या. त्यांनाही काय बोलणार? साठ-सत्तर माणसांची मटणाची पॅटिस ओव्हनमध्ये घालायची होती, त्यात कुठला टॉड लक्षात राहतोय!

दोन वाजता दार उघडलं. काळे कोट, काळे टाय घातलेले सहा पुरुष आत आले आणि न बोलता बसले. त्यांच्यामागून काळ्या कपड्यांतल्या बायका आल्या. मग आणखी पुरुष. बारा खुर्च्या केव्हाच भरल्या. लोकांनी भिंतीजवळच्या खुर्च्या आपल्या हाताने ओढून घेतल्या. कोणी हूं की चूं करेना.

टॉडने फॉर्मचा गठ्ठा छातीशी धरला. जवळच्या एका धिप्पाड माणसाला त्याने हळूच विचारलं, “आपण... ब्रेहिलचेच भाडेकरू ना?”

“बत्तीस वर्षं.”

“आणि हे सगळे?”

“बहुतेक सगळेच. मर्डोसाठी आलेत.”

टॉड एक पाऊल मागे सरकला. मर्डो कीर! ऑफिसातल्या जाडजूड फायलीत पानोपानी तेच नाव होतं. वीस वर्षं हा म्हातारा दर सभेला पहिल्या रांगेत थर्मास घेऊन बसायचा आणि एकटाच वाढीला विरोध करायचा. आज मात्र पहिल्या रांगेत थर्मासवाला कोणी दिसत नव्हता. माणसं पुढे घालून स्वतः मागे राहिलाय, लबाड!

“तू कोण रे?” धिप्पाड माणसाने विचारलं.

“मी... संस्थेकडून.”

“संस्थेने माणूस पाठवला?” त्याने टॉडचा हात असा काही घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. “आम्हाला ही अपेक्षा नव्हती. हे आम्ही विसरणार नाही हां.”

टॉडने हात सोडवून घेतला, थेट अडगळीच्या खोलीत घुसला आणि फोन लावला.

“मॅडम, आलेत!”

“कोण?”

“काळे कपडेवाले! चाळीस तरी असतील. मर्डो कीरने गोळा केलेत.”

“बोलतायत काय?”

“काही नाही. नुसते बसलेत.”

“हे वाईट,” मॅडम म्हणाल्या. “बोलणारे परवडले. ऐक, सात टक्क्यांचं नावही काढू नकोस. पाच म्हण.”

टॉड पाच म्हणायला बाहेर आला आणि दारातच थबकला. बाहेर कोणीतरी बॅगपाइप वाजवत होतं. आणखी वीस-पंचवीस माणसं आत येत होती, आणि स्वयंपाकघरातून मोठमोठे ट्रे बाहेर निघत होते. गरम पॅटिसचा वास हॉलभर पसरला. त्याने आपल्या बिस्किटांच्या पुड्याकडे पाहिलं आणि पुन्हा खोलीत पळाला.

“मॅडम, वाजंत्री आणलीय! आणि जेवण! ट्रेच्या ट्रे!”

“जेवण? म्हणजे रात्रीपर्यंत हलत नाहीत मेले! तीन म्हण, तीन!”

तीन म्हणायचंही त्याच्या नशिबी नव्हतं. पहिल्या रांगेत एक म्हातारी बाई रडत होती, दोघी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि एक तरुण भलामोठा कॅमेरा घेऊन सगळ्यांचे फोटो काढत होता. तो कॅनडाहून आलेला पुतण्या होता, पण टॉडला ते कोण सांगणार?

“मॅडम,” तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा टॉडलाच रडू फुटायच्या बेतात होतं, “एक म्हातारी रडतेय. आणि फोटो काढतायत. मोठा कॅमेरा आहे.”

“पेपरवाला!” पलीकडे मंडळाची बैठकच चालू होती. थोडी कुजबुज झाली, कोणीतरी खुर्ची सरकवली, कोणीतरी देवाचं नाव घेतलं. “ठीक आहे. या वर्षी वाढ नाही. शून्य. सगळ्या भाडेकरूंना आत्ताच्या आत्ता मेसेज पाठवते. तू फक्त फोटोत येऊ नकोस!”

टॉडने घाम पुसला. वाचलो, असं म्हणत तो बाहेर आला. तेवढ्यात सेंगाबाईंनी समोरच्या टेबलावर, त्याच्या फॉर्मच्या गठ्ठ्याशेजारी, चौकटीतला एक मोठा फोटो आणून ठेवला. फोटोत एक म्हातारा हातात थर्मास घेऊन हसत होता. खाली जन्माची तारीख होती, आणि तिच्याशेजारी गेल्या आठवड्यातली.

“सेंगाबाई,” टॉडने फोटोकडे बोट दाखवलं, “हे काय?”

“काय म्हणजे? मर्डोचं चहापान! तुला सांगितलं नाही का मी?” सेंगाबाईंनी कपाळावर हात मारला. “अगंबाई, राहिलंच की!”

टॉड मटकन खाली बसला. मर्डोचा भाऊ व्हिस्कीचा ग्लास उंचावून उभा राहिला. हॉल शांत झाला. “मर्डोसाठी,” तो म्हणाला, आणि त्याच क्षणी पन्नासेक फोन एकदम टिणटिणले.

“बंद करा रे ते!” कोणीतरी खेकसलं. पण धिप्पाड माणसाने तोवर वाचलं होतं. त्याने पुन्हा वाचलं, मग मोठ्याने वाचलं. “‘भाडेकरूंच्या तीव्र भावना लक्षात घेऊन या वर्षी कोणतीही भाडेवाढ होणार नाही.’ अरे देवा! वीस वर्षं डोकं फोडलं बिचाऱ्याने, पाव टक्का कमी केला नाही यांनी!”

सगळे फोटोकडे बघायला लागले. पहिल्या रांगेतली म्हातारी, मर्डोची बायको नेटा, डोळे पुसता पुसता हसायलाच लागली. “बघा! गेला तरी स्वस्थ बसेल तर शपथ!” मग मात्र हॉलमध्ये जो गलका झाला, तो त्या भिंतींनी कधी ऐकला नव्हता.

टॉडने चौथा फोन लावला. नोकरी तर गेलीच, निदान खरं तरी सांगावं. “मॅडम, एक सांगायचं होतं...”

“किती आले शेवटी?”

“चौसष्ट. पण मॅडम...”

“चौसष्ट! अरे, मंडळ खूश आहे. इतकी माणसं कुठल्याच संस्थेच्या सभेला येत नाहीत. भाडेकरूंचं ऐकणारी संस्था म्हणून आपणच पेपरला बातमी देतोय. तुझ्या कराराचंही बघते मी. हं, काय सांगायचं होतं?”

टॉडने हॉलकडे पाहिलं. “काही नाही, मॅडम,” तो म्हणाला.

मागून कोणीतरी त्याच्या हातात बशी दिली. नेटा होती. “पॅटिस खाल्लंस का, पोरा? खा. आणि हे घे. इस्पितळात भरून ठेवलं होतं त्याने. सभेला नेऊन दे म्हणाला, दोनदा बजावलं.”

लिफाफ्यात संस्थेचा फॉर्म होता. तीन, पाच, सात, तिन्ही रकान्यांवर काट मारून शेजारी कापऱ्या हाताने शून्य काढलं होतं. खाली ‘इतर सूचना’ या ओळीत लिहिलं होतं, ‘दरवर्षी सांगतो, सभेला काहीतरी गरम खायला ठेवा. माणसं येतील.’

टॉडने दोनदा वाचलं. बशीतलं पॅटिस संपवलं. मग हजेरीचं पान ओढून घेतलं, चौसष्ट खोडलं आणि पासष्ट लिहिलं.