तळ्यात रुतलेलं वऱ्हाड

हंबीरराव मद्रासच्या वेस्ट मांबलममध्ये एका शाळेत इतिहास शिकवीत, आणि पंचावन्न सालच्या त्या वैशाखात त्यांनी प्राचीन चीनच्या युद्धशास्त्राची खिल्ली उडवायला घेतली होती. खास सेनापतींसाठी लिहिलेले ग्रंथ, आणि त्यांत उपदेश काय, तर फौजेला उपाशी चालवू नका, वाट माहीत असलेला माणूस सोबत घ्या, दलदलीत शिरू नका! हे शेंबड्या पोरालाही कळतं, असं ते कॉफी पिता पिता बायकोला, सीतालक्ष्मीला, ऐकवीत. ती ऐकून घेई.

त्याच महिन्यात तिच्या भाच्याचं, गुरुराजचं, लग्न मद्रासजवळच्या अंबत्तूरला निघालं. वऱ्हाड नेण्याचं काम एकमताने हंबीररावांकडे आलं. आजवर त्यांनी चार माणसं कुठे नेली नव्हती. पण त्यांचे खापरपणजोबा तंजावरच्या दरबारात सरदार होते, तेव्हा प्रश्नच मिटला.

पहाटे निघताना गुरुराजची आई सरोजा इडल्या बांधून घेत होती. मांडवात फराळ आहेच, म्हणत हंबीररावांनी ते ओझं उतरवायला लावलं. अंबत्तूरला गाडीतून उतरल्यावर कोणीतरी सुचवलं, वाट विचारू या. सरदाराच्या वंशजाला ते कमीपणाचं वाटलं. समोर उन्हाने आटलेलं तळं होतं आणि पलीकडच्या काठावर मांडव चक्क दिसत होता. सरळ तळ्यातून चला, असा हुकूम सुटला.

काठाची माती वाळून भेगाळलेली होती. मधली नुसती तशी दिसत होती. आधी नादस्वरम् वाजवणारा घोट्यापर्यंत गेला, मग गुरुराज नेसलेल्या जरीच्या वेष्टीसकट, म्हणजे लग्नाच्या धोतरासकट, गुडघ्यापर्यंत. त्याला उपटायला गेलेले काका त्याच्याच शेजारी रुतले. उपाशीपोटी कोणाच्या ओढण्यात जोर नव्हता. मुहूर्त चुकला तर सोयरीक मोडेल, म्हणून सरोजेने रडायला सुरुवात केली. हंबीररावांचे पाय लटपटले असते, पण ते मांडीपर्यंत चिखलात होते.

बायकांना घेऊन काठावरच थांबलेली सीतालक्ष्मी शांतपणे म्हणाली, "आता कळलं ते ग्रंथ कशाला लिहिले? तिकडेही आजोबा सरदार म्हणून नातवाच्या हाती फौज देत असतील. मग त्याला हेही सांगावं लागतं."

हंबीररावांना चीनचा सगळा इतिहास एका दमात समजला. "ते राहू दे," ते म्हणाले, "बाहेर कसं यायचं ते बघ."

तिने जवळच्या गुराख्याला हाक मारली, आणि म्हशींच्या शेपट्या धरून नवरदेवासह सगळे काठाला लागले.

मांडवात पोचेपर्यंत मुहूर्त टळून गेला होता. हंबीरराव माफीचे शब्द जुळवत होते, तोच मुलीचे वडील नागोजी हात जोडून धावत आले.

"रागावू नका," ते काकुळतीने म्हणाले. "मुहूर्त आमच्यामुळे गेला. भटजींना बोलवायचंच राहिलं. प्रत्येकाला वाटलं, एवढं काय सांगायला हवं? आता माणूस गेलाय. दुपारचा मुहूर्तही चांगला आहे."

हंबीररावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मोठ्या मनाने नागोजींच्या खांद्यावर हात ठेवला. तिथे चिखलाचा पंजा उमटला.

"आणि हे असं अंगभर...?" नागोजींनी भीत भीत विचारलं.

"आमच्या घराण्याची रीत आहे," हंबीरराव ऐटीत म्हणाले. "नवरदेव तळं तुडवून येतो."

नागोजी विचारात पडले. "म्हणजे मुलीची पाठवणीही तिथूनच करायची?"

सीतालक्ष्मी घाईने पुढे झाली. "नको नको. ती रीत आजपासून बंद."