शांत गावाचा गलाटा

लोकशाहीत प्रत्येक कामाची एक रीत ठरलेली असते. आमच्या भागात तिला गलाटा म्हणतात. पाच किंवा अधिक माणसांनी, एकमेकांचं न ऐकता, एकदमच ओरडणं म्हणजे गलाटा. (चौघांनी केल्यास ती चर्चा. एकट्यानं केल्यास तो अर्ज.)

हुमनाबादची सकाळची बस आमच्या फाट्यावर थांबत नसे. राजश्रीचं कॉलेज बुडायचं. तिच्या वडिलांनी, माणिकरावांनी, डेपोत अकरा अर्ज दिले. साहेबांनी अकराही आपुलकीनं वाचले.

"माणिकराव, फाट्यावर गलाटा झाला का कधी?"

"न्हाई साहेब. शांत गाव हाय आमचं."

"मग अडचण कुठं हाय?"

मुद्दा बिनतोड होता. माणिकरावांनी गलाट्याच्या परवानगीसाठी बारावा अर्ज दिला. मंजूर झाला : सकाळी ८.१० ते ८.१५, आवाज न करता.

पहिल्या दिवशी त्रेचाळीस माणसं रांगेत उभी राहून पाळीपाळीनं ओरडली. फाट्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या राजूबाईंनी सगळ्यांना चहा दिला. हे काय चाललंय ते बघायला ड्रायव्हर अमृतप्पा बस थांबवून खाली उतरला. तेवढ्यात राजश्री चढली.

तेव्हापासून गलाटा असेल तर बस थांबते, नसेल तर नाही. म्हणून गावानं पाळ्या लावल्या. सोमवारी वरची गल्ली. मंगळवारी भजनी मंडळ (सुरात होतो, त्यामुळे बस जरा जास्तच थांबते). बुधवारी पेन्शनर, बसून. चौऱ्याण्णव टक्के गावकरी समाधानी आहेत. उरलेल्यांना चहा पुरला नाही.

राजश्रीच्या परीक्षेच्या दिवशीच घात झाला. गाव लग्नाला गेलेलं. फाट्यावर चारच माणसं. बस हळू झाली, तिला चर्चा दिसली, आणि तिनं वेग घेतला.

तेव्हा आजवर एकदाही आवाज न चढवलेली राजश्री रस्त्याच्या मधोमध आली.

"कामून थांबंना ओ अप्पा? पेपर हाय माझा! तुमची बस लिहिणार हाय का?"

पाच भरले. करकचून ब्रेक लागला.

"आधीच बोलायचं की, अक्का," अमृतप्पा म्हणाला. "आम्हाला कसं कळावं?"

ती चढली. एकच सीट रिकामी होती. तिच्यावर तुमची पिशवी होती, आणि तुम्ही हेच वाचत बसला होतात. "जरा सरका की, अण्णा," ती दोनदा म्हणाली. तुम्ही पान उलटलंत.

तिसऱ्यांदा तिनं नुसता श्वास भरून घेतला.

तुम्ही लगेच सरकलात.