झोक्याखालची जमीन

लेकरू पडायचंच असेल, तर खालच्या जमिनीबद्दल विश्वास कुणावर ठेवाल: विकणाऱ्यावर, विकत घेणाऱ्यावर, की पडणाऱ्यावर? शिरतपुरात या प्रश्नाला बगल देता येत नाही, कारण खाली काय अंथरायचं हे ठरल्याखेरीज तिथलं मूल जमिनीवर पोचत नाही. हात सुटला की जिथं सुटला तिथंच हवेत थांबतं आणि घरच्यांचा निर्णय होईपर्यंत तिथंच राहतं.

नेमाण्णा मगदूम यांचं पेठेत फरशी-चटयांचं दुकान. त्यांची नात सुव्रता रविवारी सकाळी परसातल्या झोक्यावरून सुटली. झोका नेमाण्णांनी हौसेनं बसवून घेतला होता. खालचं मात्र ‘बघू पुढं’ म्हणून राहिलं होतं. शेजारच्या गल्लीतल्या एका सराफानं असंच ‘बघू’ केलं होतं. फरशी स्वस्त होईल अशी त्याला आशा होती. त्याचा मुलगा मिसरूड फुटल्यावर खाली आला.

मंगळवारी सून पद्मजा स्टुलावर चढून मुलीला भात भरवत होती. वर छत्री बांधली होती, तरी ऊन लागतच होतं.

“अण्णा, ठरवा की आता. पोरीचे गाल बघा कसे लाल झालेत.”

“ठरलंय. रबर.”

रबराच्या चटया दुकानाच्या माळ्यावर दोन वर्षं पडून होत्या. रबर म्हणजे आईची मांडी, असं नेमाण्णा गिऱ्हाइकाला सांगत.

“आजोबा, रबर टणक असतंय,” सुव्रता वरून म्हणाली. “मी दुकानात बसलेय त्याच्यावर.”

“गप गं. तिथं राहून मालाला नावं ठेवू नये.”

चटया अंथरल्या. नगरपालिकेच्या पतन विभागातून मुजावर साहेब आले. नियम साधा होता: ज्यानं जमीन निवडली, त्यानं आधी पडून दाखवायचं. नेमाण्णा झोक्यावर उभे राहिले, साखळी धरून बेतानं खाली टेकले आणि म्हणाले, “उत्तम.”

“अण्णा, हे उतरणं झालं.”

“पडलो की डोळ्यांदेखत!”

“तुम्ही धोतर सावरलंत. पडणारा माणूस धोतर सावरत नाही.” मुजावरांनी खुर्ची ओढून घेतली. “ठरवून पडता येत नाही, हे खात्याला ठाऊक आहे. आम्ही थांबतो. वहिनी, चहात आलं घाला.”

नेमाण्णा झोके घेत बसले. दुपारी कुंपणाशी खोत गुरुजी आले. त्यांच्या बालवाडीत सात मुलं वर थांबली होती आणि पालक रोज दारात येऊन उभे राहत होते.

“अण्णा, चटया हव्यात. घसरगुंडीखाली चालतील ना?”

“चालतील? गुरुजी, डोळे झाकून न्या! एवढी पोरं पडली, तरी एक रडायचं नाही.”

‘एवढी’ दाखवायला नेमाण्णांनी दोन्ही हात पसरले आणि ते पडले.

“मेलो! दगड आहे, दगड!”

गुरुजींनी पिशवीची घडी घातली, “येतो मग,” म्हणाले आणि गेले. मुजावरांनी लिहायला घेतलं: रबर, दगड.

“साहेब,” नेमाण्णा कंबर धरून म्हणाले, “दुखण्यात तोंडातून गेलं. ‘जरा टणक’ लिहा. दुकानाची अब्रू आहे.”

“लिहितो. मग तुमची नात जरा टणक जमिनीवर येईल. येऊ दे?”

नेमाण्णांनी वर पाहिलं. सुव्रता पालथी होऊन त्यांच्याकडेच बघत होती.

“आजोबा, किती लागलं?”

दुकान चालवणाऱ्या माणसाला या प्रश्नाची डझनभर उत्तरं येतात. नेमाण्णांनी कंबर चोळली.

“लई लागलं गं,” ते म्हणाले. “साहेब, दगडच राहू द्या.”

चटया गुंडाळल्या. वाळूचं नाव निघालं, पण गल्लीत मांजरं फार. शेवटी लाकडाच्या वखारीतून टेम्पोभर भुसा आणून गुडघाभर पसरला. नेमाण्णा पुन्हा झोक्यावर बसले. पण एकदा पडलेला माणूस साखळी सोडत नाही. बुधवार तसाच गेला. गुरुवारी पद्मजानं मुद्दाम पुरणपोळी केली आणि वर तुपाची वाटी दिली. तिसऱ्या पोळीनंतर नेमाण्णांना डुलकी लागली आणि ते खाली पडले.

मुजावर वाकून बघत राहिले. भुशातून घोरण्याचा आवाज येत होता. त्यांनी लिहिलं: झोपमोड झाली नाही.

त्यासरशी सुव्रता धप्पकन आजोबांशेजारी पडली. एकदा शिंकली, केसांतला भुसा झटकला आणि आईकडे पुरणपोळी मागितली.

नेमाण्णा जागे झाले, नातीचे गुडघे चाचपून पाहिले आणि चप्पल न घालताच बालवाडीकडे निघाले. “गुरुजी, वखारीतला भुसा घ्या,” ते दारातूनच ओरडले. “माझ्याकडं मिळत नाही.” मग सात मुलांच्या खाली उभे राहून त्यांनी धोतराचा काचा मारला आणि घसरगुंडीवर कुठून चढायचं ते विचारलं.

तर मंडळी, तुम्हालाही उद्या कुणी विचारेल. जेवढं लागलं तेवढंच सांगा. हा हिशेब तेवढा खरा ठेवा, एवढी विनंती. वर कुणाचं तरी लेकरू थांबलेलं असतं.