नेन्यांच्या पोटावरचा वरवंटा

आमचे शेजारी नेने कविता करण्याआधी पोटावर दगड ठेवतात. दगड म्हणजे माझा वरवंटा. विमानतळावर वजनासाठी हुज्जत घालून मी तो नाशिकहून दोह्याला आणला, आणि आता चटणी वाटायची तर नेन्यांच्या पोटावरून उचलून आणावा लागतो. पडदे ओढलेले, खोलीत मिट्ट काळोख, आणि गॅस प्लांटमधला हा इंजिनिअर सतरंजीवर उताणा.

"वहिनी, हळू. दुसरं कडवं अजून कच्चं आहे."

हे खूळ त्यांच्या डोक्यात प्लांटवरच्या एका आयरिश साहेबाने भरवलं. तिकडचे जुने बार्ड, म्हणजे दरबारी कवी, म्हणे असेच अंधारात पोटावर दगड घेऊन पडत आणि कागदाला हात न लावता अख्खी कविता रचत. गेलिक, म्हणजे जुन्या आयरिश कवितेतली यमकं, वंशावळी, विलाप, सगळं त्यांच्याकडूनच आलं. बार्डने निंदा केली तर राजाच्याही तोंडावर फोड येत. नेन्यांनी आमच्या एसीवाल्याची निंदा रचून त्याला लिफ्टमध्ये ऐकवली. फोड काही आले नाहीत, पण तो पुन्हा फिरकलाच नाही. उकडून निघाले मी.

त्यात त्यांच्या लेकीचा, इराचा साखरपुडा ठरला, घरातल्या घरात. नेन्यांनी जाहीर केलं, की व्याह्यांसमोर इराची वंशावळ बार्डांसारखी म्हटली जाईल. पोरगी रडवेली होऊन माझ्याकडे आली.

"मावशी, प्लीज स्टॉप हिम. दे विल थिंक ही इज मॅड."

तिची आई, माझी मैत्रीण सुमेधा, दोन वर्षांपूर्वी गेली. मग मीच तणतणत नेन्यांकडे गेले.

"अहो, म्हणणार मी नाहीच," नेने म्हणाले. "बार्ड नुसता रचतो. दरबारात म्हणणारा वेगळा असतो. तुम्ही म्हणायचं."

मी कपाळाला हात लावला. "मग लिहून तरी द्या."

"छे. ऐकून पाठ करा. यल्ला, चला."

आता नेन्यांचं कुळ, गोत्र, मूळपुरुष ऐकावे लागणार म्हणून मी दात-ओठ खात बसले. ते म्हणू लागले:

"काशीचे हात हळदीचे. काशीची लेक मालती, तिचे बोल गुळाचे. मालतीची लेक..."

इथे ते थांबले. खाकरले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि पुन्हा तिथेच अडले. काशी आणि मालती म्हणजे सुमेधाची आजी आणि आई, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

"पुढचं नाव तुम्हाला माहीत आहे, वहिनी," ते म्हणाले. "मला घेता येत नाही. ती गेल्यापासून या घरात कोणी घेतलेलंच नाही. इराच्या साखरपुड्यात तरी ते राहून जायला नको."

माझा सगळा राग कुठच्या कुठे गेला.

साखरपुड्याच्या दिवशी व्याही मंडळींसमोर मी उभी राहिले. "मालतीची लेक सुमेधा," मी म्हटलं. इराने तोंडावर हात धरला. स्वयंपाकघराच्या दारात नेने खाली मान घालून उभे होते. मी पुढची ओळ घेणार, तेवढ्यात त्यांनी बोटाने खूण केली: तीच परत.

मी ती परत म्हटली.