इनामदार चाचांची बांगड्यांची पेटी

आमच्या दिघीच्या घराची वास्तुशांत होती, आणि शेजारचे इनामदार चाचा एका हातात पेढा धरून माझ्या नव्या कपाटावर नखाने टकटक करत उभे होते. "भावा, पोकळ बोलतंय. दोन वर्षांत वरचा थर सुटून फुगा येणार." दीड वर्षातच फुगा आला. चाचांना आनंद लपवता येईना.

चाचा भोसरीच्या एका कारखान्यात लाकडी साचे करायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी जिन्याखाली छोट्या पेट्यांचं काम मांडलं. साध्या पेटीवर कागदासारखं पातळ, लाकडातल्याच रेघांची लाटालाटांची नक्षी असलेलं सागवानी व्हिनियर चिकटवायचं, घासायचं, वर लाखेचं पॉलिश. एका हातानंतर दुसरा हात कधी, हे देवालाही ठाऊक नसे. "अजून सुकायचंय," एवढंच उत्तर. मुलीच्या लग्नातली पेटी तिला तिचं पोरगं शाळेत जायला लागल्यावर मिळाली. मी टोकलं, तर म्हणाले, "घाई तुझ्या चाकणच्या कंपनीत कर राव. लाकडाला शिफ्ट नसते."

मागच्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, रझियाचाचींच्या डोळ्यांना काचबिंदूने घेरलं. उरलेली नजरही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. चाचांनी त्याच दिवशी जपून ठेवलेलं सगळ्यात देखणं व्हिनियर बाहेर काढलं. चाचींच्या बांगड्यांसाठी पेटी करायची, आणि नजर आहे तोवर ती त्यांना दाखवायची.

मी रोज कामावरून येताना डोकावायचो. अजून सुकायचंच असायचं. शेवटी मी चिडून ओरडलो, "चाचा, आता तरी आटपा!"

"तिला कच्चं काम दाखवू?" ते म्हणाले. मला त्यांचा मनापासून राग आला.

पेटी झाली तेव्हा चाचींना फक्त उजेड-अंधार कळत होता. त्यांनी झाकणावरून बोटं फिरवली. "अजी, किती गुळगुळीत केलंत! पण नक्षी कुठाय?"

चाचांनी स्वतःचं बोट झाकणावरून फिरवून पाहिलं. इतकं घासलेल्या लाकडावरची नक्षी हाताला कुठून लागणार?

दुसऱ्या दिवशी गेलो, तर चाचा त्या लखलखीत झाकणावर चाकूने ओरखडे काढत होते. माणसाचं डोकं फिरलं, असंच मला वाटलं. जवळ जाऊन पाहिलं. लाकडातल्या एकेका रेघेवरून चाकू सावकाश चालला होता, पॉलिशचा पांढरा भुगा त्यांच्या मांडीवर पडत होता. चाची शेजारीच बसल्या होत्या. एक रेघ कोरून झाली की चाचा त्यांचं बोट धरून तिच्यावरून नेत होते.

"ही बघ, इथनं वळली."