कललेला फोटो

श्रीमंतमामांचा बंगला बांधून झाला, तेव्हा त्याचा फोटो काढायला त्यांनी नगरहून भाच्याला, हर्षलला, खर्ड्याला बोलावून घेतलं. हर्षल बिल्डरांसाठी इमारतींचे फोटो काढायचा. त्याने समोरच्या पाण्याच्या टाकीवर चढून बंगला टिपला आणि मामांनी तो लगेच गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मोकळेपणाने अभिप्राय कळवा.'

आधी भराभर अंगठे आले. मग उजवीकडच्या शेजाऱ्याचा, अजिनाथचा, अभिप्राय आला, 'भिंत आमच्या बाजूला कलली आहे.' पाठोपाठ तो स्वतःच आला.

"श्रीमंतराव, आज कललीय, उद्या आमच्या अंगावर यील."

"आरं, नवी भिंत हाय! पोरानं कॅमेरा वाकडा धरला आसंल."

"फोटो खोटं बोलतो व्हय? आन् तुमीच तर म्हनला, मोकळं सांगा."

"टाकीवर नीट उभं राहायला जागाच नव्हती, मामा," हर्षल दुखावून म्हणाला. त्याने मोबाईलवरच फोटो किंचित फिरवला. बंगला ताठ झाला. मामांनी खूश होऊन तोही ग्रुपवर टाकला. पण फोटोच्या कडेला अजिनाथचं जुनं घर आलं होतं. मघाशी सरळ दिसणारं ते घर आता बंगल्याकडे झुकलं होतं.

"माझं घर का पाडलंस?" अजिनाथ कडाडला.

"मी फक्त फोटो सरळ केला, काका."

"तुमचं सरळ करायला आमचं वाकडं करता व्हय?"

आवाज ऐकून अजिनाथची बायको सत्यशीला आली. तिने फोटो निरखून पाहिला. "मी कवाधरनं सांगतीया, सैपाकघराची भिंत कललीय. तर म्हनं, तुझ्या डोळ्यातच फरक हाय."

"आना गवंड्याचा ओळंबा!" अजिनाथ म्हणाला. "व्हऊन जाऊ द्या."

तोवर ग्रुप वाचून निम्मी गल्ली जमली होती. आधी मामांच्या भिंतीवरून ओळंबा सोडला. दोरी वरपासून खालपर्यंत भिंतीला लागून राहिली. मग अजिनाथच्या भिंतीवरून सोडला. वर दोरी भिंतीला टेकली, खाली मात्र भिंत बरीच मागे राहिली. त्या फटीत सत्यशीलाबाईंनी कोपरापर्यंत हात घालून सगळ्यांना दाखवला.

मामांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अजिनाथ हर्षलकडे वळला.

"हर्षल," तो घसा खाकरून म्हणाला, "फोटो लई भारी आलाय बग. उजेड, रंग, समदं ब्येस. गुरुपवरनं तेवढा काढ."