रतिलालदादांचा ओटीपी

जुलैच्या शेवटच्या दिवशी शहाद्यातल्या माझ्या इन्कम टॅक्सच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. वर्षभर झोपलेले लोक त्या दिवशी जागे होतात आणि मलाच विचारतात, "ताई, अजून झालं नाही का?" अशा दिवशी सकाळी आठला, मी कुलूप उघडायच्याही आधी, पायरीवर एक गृहस्थ बसलेले असायचे. लोणखेड्याचे ओंकार आबा. त्यांचा नंबर कायम पहिला. आणि सहा वर्षांत त्यांनी तो एकदाही वापरला नाही.

म्हणजे काय, तर आबा आत यायचे, खिडकीजवळची खुर्ची पकडायचे आणि मागच्याला म्हणायचे, "तुमी व्हा पुढे. आमले घाई काय शे? सरकार काय पळी जाई ऱ्हायनं?" मग त्याच्या मागच्याला. मग त्याच्याही मागच्याला. संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं की दाराकडे एकदा बघायचे, फाईल उशीच्या अभ्र्यात घालायचे आणि घरी जायचे. रिटर्न भरायचं राहूनच जायचं.

बरं, माणूस विसराळू म्हणावा तर तसंही नाही. आख्ख्या तालुक्याला तारखांची आठवण हेच करून देणार. एसटीत शेजारी मास्तर बसला की पहिला प्रश्न, "फॉर्म सोळा भेटना का?" म्हणजे मिळाला का. कुणाच्या साखरपुड्यात जेवायला बसले तर वाढप्यालासुद्धा पॅन आधारला जोडलंय का म्हणून विचारतील. एका नवरदेवाला त्यांनी मांडवातच सांगितलं होतं की आता बायकोच्या नावाने वेगळं खातं काढ. माझ्याकडची निम्मी गिऱ्हाइकं आबांनी धाकदपटशाने आणलेली आहेत. आणि यांचं स्वतःचं? सगळा ठणठणाट.

येताना केळ्यांची फणी आणायचे. तेवढ्यासाठी मी गप्प बसायचे, हेही कबूल करते.

गेल्या डिसेंबरात मात्र माझं डोकं फिरलं. आबा सहज म्हणून आले होते, काखेत तो अभ्रा होताच, फणी टेबलावर ठेवली, आणि बोलता बोलता म्हणाले की इन्कम टॅक्सवाल्यांचे मेसेज येऊन येऊन फोन गरम होतोय. मी म्हटलं, आणा ती फाईल इकडे. ते नको नको म्हणत असताना मी अभ्र्यातून फाईल ओढूनच काढली. आईशप्पथ, इतकी नीटनेटकी फाईल मी माझ्या स्वतःच्या घरातसुद्धा ठेवलेली नाही.

ती फाईल आबांची नव्हतीच. कुटुंबाची होती. आपल्याकडे कायद्यात माणसासारखं एकत्र कुटुंबालाही पॅन कार्ड मिळतं. त्या कुटुंबाचा एक कर्ता असतो, बहुधा थोरला, आणि रिटर्नवर सही त्याची. यांच्या कुटुंबाचं रस्त्यावरचं एक गोडाऊन भाड्याने दिलेलं आहे, त्याचं उत्पन्न या फाईलला यायचं. कर्ता म्हणून नाव होतं थोरल्या भावाचं, रतिलालदादांचं. ते आता सुरतेला मुलाकडे राहतात, एवढं मी ऐकलं होतं.

मी सरळ सांगितलं, "आबा, दादा तिकडे, तुम्ही इकडे, चुली वेगळ्या. वाटणी दाखवा आणि ही फाईल बंद करा. नाहीतर तुम्ही कर्ते व्हा."

आबांनी असं पाहिलं, जणू मी त्यांना घर जाळायला सांगितलंय.

"कर्ता दादा शे," ते म्हणाले. "दादाच ऱ्हाई."

फाईलच्या तळाशी एक लग्नपत्रिका होती. आबांच्या मुलीची, सोनलची. तिच्यावर कुणीतरी बॉलपेनने खाडाखोड केली होती. निमंत्रक म्हणून छापलेल्या आबांच्या नावाच्या वर 'रतिलालदादा' असं लिहिलं होतं, आणि खाली आते-मामांच्या गर्दीत छापलेलं तेच नाव खोडलं होतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नाच्या घाईत आबांनी छापखान्याला फोनवर सांगितलं, आमचं नाव वर टाका. आबांच्या तोंडी 'आमचं' म्हणजे घराचं, आणि घराचं म्हणजे दादाचं. छापखानेवाल्याने ज्याचा फोन त्याचं नाव टाकलं. आठशे पत्रिका वाटून झाल्यावर चूक ध्यानात आली. आमच्या भागात पत्रिकेवरचं नाव ही काही साधी गोष्ट नाही. त्यावरून पिढ्यान् पिढ्या अबोला धरणारी घरं मी दाखवू शकते. दादा एक शब्द बोलले नाहीत. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, जेवले नाहीत. दिवाळीच्या आत सुरतेला निघून गेले.

त्याआधी दर वर्षी दोघे भाऊ जुलैच्या शेवटच्या दिवशी एकाच मोटारसायकलवर येत. आबा फाईल धरून मागे, दादा पुढे. सही करून समोरच्या हॉटेलात भजी खात. जुलैच्या गर्दीत मी ते विसरूनच गेले होते, आता आठवलं. आणि हेही कळलं, की सहा वर्षं हा माणूस माझ्या खिडकीशी बसून दाराकडे का बघत होता. मला लाज वाटली. मी त्यांना फी वाचवणारा कंजूष समजत होते.

"तुम्ही बोलावलंत का त्यांना कधी?" मी विचारलं.

"तारीख त्यासले माहीत शे ना," आबा म्हणाले.

झालं. हा जुलैत इथे वाट बघणार, तो सुरतेत बसून.

मी कॉम्प्युटर सुरू केला. सहा वर्षांची रिटर्नं राहिली होती. मागची पाच भरता येत होती, जितकं जुनं वर्ष तितका दंड जास्त. मला वाटलं आबा कुरकुरतील. ते म्हणाले, "चूक मन्ही, दंड बी मन्हाच. गोडाऊनना पैसाले हात नका लावू." दुपारपर्यंत मी पाचही तयार केली. आता फक्त ओटीपी हवा होता, आणि तो कर्त्याच्या आधारला जोडलेल्या फोनवरच जातो. म्हणजे सुरतेला.

"तुमीच लावा फोन, ताई," आबा म्हणाले. त्यांचे हात मांडीखाली होते.

मी म्हटलं, भाऊ तुमचा आहे. आणि बटण दाबून टाकलं. "गेला ओटीपी. सरकार पळत नसेल आबा, पण हा दहा मिनिटांत पळतो."

आबांनी पाठ असलेला नंबर लावला. फोन त्यांनी माझ्यासाठी स्पीकरवर ठेवला.

"दादा, मी ओंकार. तुमना फोनमा सहा आकडा उना व्हतीन."

 तिकडून जाडसर आवाज आला, "ओटीपी कोनले सांगानं नही, आसं बँकवाला सांगतस."

"कोनले नका सांगू, दादा. माले सांगा."

दादांनी एकेक आकडा सांगितला आणि फोन ठेवला. पहिलं रिटर्न गेलं. दुसऱ्याला आबांनी परत फोन लावला. या वेळी आकडे सांगून झाल्यावर दादांनी कोणतं वर्ष ते विचारलं. तिसऱ्याला गोडाऊनचे पत्रे बदलले का, म्हणाले. चौथ्याला केळीची चौकशी झाली, करपा पडलाय का, पाणी कसं आहे. पाचव्याला आकड्यांच्या आधीच विचारलं, सोनल कशी आहे. तिला चार वर्षांचा मुलगा आहे हे त्यांना माहीत होतं. नाव माहीत नव्हतं. आबांनी सांगितलं.

पाचवंही गेलं. फोन मात्र चालूच होता.

"झायं? आखो शे का एखादं?" दादांनी विचारलं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"एक शे, दादा. लगीननं वरीस. पन त्यानी मुदत सरी गई. आते ते भरता येत नही."



"सरी गई ना मुदत?" दादा म्हणाले. "मंग सोडी दे ते वरीस."

आबा "हां दादा" म्हणाले.  फोन बंद झाल्यावर उपरण्याने तोंड पुसत बसले. मीही उगाच प्रिंटरमध्ये कागद भरले.

मग त्यांनी सुरतेची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. मी म्हटलं अर्ध्या तासात एक आहे, पण घरी सांगून, कपडे घेऊन उद्या सकाळी जा की. आबा तोवर उठून चपला शोधत होते. मला राहवलं नाही. "आबा, सुरत काय पळून चाललीय का?"

त्यांनी माझ्यासाठी आणलेली केळ्यांची फणी टेबलावरून परत उचलली आणि अभ्र्यात घातली.

"सुरत नही पळस, ताई," ते म्हणाले. "दादा शहात्तरना शेतस."